पपईच्या साबणाचं गाव

तिनागोंग गावात उजळलेल्या कुठल्याही बाईला विचारा, काय लावतेस गं? ती न अडखळता सांगणार, "पपईचा साबण." खरं म्हणजे पपईच्या साबणाने त्या गावात आजवर काही उजळलं असेल तर ती न्हाणीतली फरशी. बाकी साऱ्या जणी दोराय माग्बानुआच्या मागच्या खोलीत, बांबूच्या आरामखुर्चीवर हात पसरून बसत, आणि सलाईनच्या बाटलीतून गोरेपणा थेंबाथेंबाने त्यांच्या शिरेत उतरत असे. खोलीत सहा जणी एकदम बसलेल्या असल्या तरी बाहेर पडताना प्रत्येकीच्या तोंडी साबणच. मी त्या गावात बरीच वर्षं काढली आहेत. एवढ्या एकजुटीने खोटं बोलणारं दुसरं गाव मी पाहिलं नाही.

दोराय ही गावची सुईण. रीतसर शिकलेली, सरकारी दाखला भिंतीवर काचेत लावलेली. तेवीस वर्षांत तिने अर्धं गाव या जगात ओढून आणलं. हात इतका हलका की सुई टोचल्याचं बाईला बाटली अर्धी संपल्यावर कळावं. पुढे बाळंतपणं तालुक्याच्या मोठ्या हॉस्पिटलात होऊ लागली आणि दोरायच्या दारात शुकशुकाट झाला. तेव्हा तिने हे धरलं. "मी काय करते? बायकांना आरशात बघायची हिंमत देते," असं म्हणायची. बोलण्यात बाई कुणाला हार जाणारी नव्हती. औषध कोरियाचं, हेही ती ठासून सांगे. कोरियाचं म्हणजे खोक्यावर अक्षरं कोरियन होती. शहरातली एक बाई ते पाठवायची आणि दोरायने तिला फक्त फोनवर पाहिलं होतं. बाटल्या फ्रिजमध्ये सोया सॉसच्या शेजारी नीट उभ्या असत.

मे महिन्यात सांताक्रूसानची, म्हणजे पवित्र क्रुसाच्या सणाची, मिरवणूक निघते. फुलांच्या कमानींखालून एकेक राणी चालत जाते आणि सगळ्यांच्या शेवटी रेयना एलेना, राण्यांची राणी. हा मान पुढे जन्मभर पुरतो. म्हातारी झाली तरी गाव ओळख करून देताना सांगतं, ही अमक्या सालची एलेना. त्या वर्षी तो मान पुरिंगच्या अनालूला मिळाला. अनालू एकोणीस वर्षांची, उंच, मान कशी ताठ! पण बापाच्या मासळीच्या वाळवणावर लहानपणापासून राबलेली, त्यामुळे रंग रापलेला. चर्चच्या पायरीवर लगेच कुजबुज सुरू झाली.

"यंदा मेणबत्त्या जास्त घ्या गं, नाहीतर राणी दिसायची नाही."

"दात दिसतील की! हसत राहा म्हणावं."

पुरिंगने हे ऐकलं आणि मुलीचं मनगट धरून ती थेट दोरायकडे आली. दोराय ही अनालूची निनांग, म्हणजे धर्माची आई. तिनेच तिला या जगात आणलं आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी हातावरही तिनेच घेतलं. त्या नात्याने दोघी बायका एकमेकींना कुमारे म्हणत.

"कुमारे, ही तुझी धर्माची मुलगी," पुरिंग म्हणाली. "अशीच चालवणार आहेस हिला कमानीखालून?"

"आठवड्याला एक बाटली. मिरवणुकीपर्यंत उजळेल बऱ्यापैकी."

"बऱ्यापैकीने काय होतंय? दोन दे."

दोरायने दोन दिल्या. तिसऱ्या आठवड्यात अनालू स्वतःच आली, "निनांग, आज आणखी एक?" आणि दोरायने तीन दिल्या. तिला त्या पोरीला नाही म्हणता येत नसे. स्वतःचं मूल नव्हतं, हे कारण असेल. पण मला वाटतं, गावाची तोंडं बंद करायची हौस पुरिंगपेक्षा दोरायलाच जास्त होती.

आणि पोर उजळली. असली उजळली की त्याच पायरीवर बायका वळून बघू लागल्या. "काय लावते गं तुझी लेक?" पुरिंग म्हणायची, "पपईचा साबण," आणि मागच्या बाकावर दोराय गालातल्या गालात हसायची.

मिरवणुकीला दहा दिवस होते तेव्हा अनालू आली ती सुजलेल्या डोळ्यांनी. "सकाळी चपला बसत नाहीत, निनांग. लघवीलाही नीट होत नाही." दोरायने तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. हा खळगा दोरायला चांगला ठाऊक होता. गरोदर बाईच्या पायावर तो दिसला की ती त्याच पावली रिक्षा बोलावून बाईला हॉस्पिटलात धाडायची, नवऱ्याची वाटसुद्धा बघायची नाही. पण हॉस्पिटल म्हणजे प्रश्न, आणि प्रश्न म्हणजे मागची खोली.

"उन्हाने येतं असं," ती म्हणाली. "शहाळी पी भरपूर."

एवढंच बोलून तिने पोरीला घरी पाठवलं. त्या दिवशी बाटली लावली नाही, हेच काय ते पुण्य.

झगा अंगावर घालून बघताना अनालू कोसळली, मिरवणुकीला चार दिवस असताना. वॉर्डात खाटेभोवती आई, उत्सव समितीच्या दोन बायका पावाची पिशवी घेऊन, आणि पेजेचा थर्मास घेऊन दोराय. डॉक्टरीण तरुण होती, थकलेली, पण आवाज शांत.

"मूत्रपिंडं बंद पडायला आली आहेत. काही गोळ्या, इंजेक्शनं, गावठी औषध? जे असेल ते सांगा. त्यावर उपचार ठरणार आहेत."

पुरिंगने समितीच्या बायकांकडे एक नजर टाकली. "छे हो. फक्त पपईचा साबण."

"अनालू, तू सांग."

अनालूने आईकडे पाहिलं. "साबण," ती म्हणाली.

समितीच्या बायका पिशवीतले पाव मोजू लागल्या. त्यांतल्या एकीने गेल्याच मंगळवारी बाटली घेतली होती. दोराय थर्मासचं झाकण घट्ट करत राहिली. तिच्या डोळ्यांपुढे दाखला होता, पोलीस होते, दाराला लागलेलं कुलूप होतं. मला तिचा संताप येतो आणि कीवही येते, त्यातलं आधी काय येतं ते सांगता येत नाही.

डॉक्टरीण कागद चाळत म्हणाली, "मग जन्मतःच काही दोष असेल. बाळंतपण कुठे झालं?"

"ह्यांनीच केलं," पुरिंग घाईने म्हणाली. "आमच्या गावच्या सुईण."

डॉक्टरीण वळली. तिने खुर्ची ओढून दोरायपुढे ठेवली, कुणी मोठ्या माणसापुढे ठेवावी तशी. "बसा ना. मुलगी तुमच्या डोळ्यांदेखत वाढली. तुम्ही आमच्यातल्याच. तुम्हाला काय वाटतं?"

दोरायला ओरडून विचारलं असतं तर तिने कानांवर हात ठेवले असते. पण या मानाने ती मोडली.

"सलाईनमधून दिलं मी," ती म्हणाली. "गोरं व्हायचं. आठवड्याला तीन. पायाची सूज मी सहा दिवसांपूर्वी बघितली. शहाळी पी म्हणून सांगितलं."

"शहाळी? अशा मूत्रपिंडांना ते विषच!" डॉक्टरीण एकदम म्हणाली.

"खोटं बोलते ही!" पुरिंग किंचाळली. "माझी मुलगी मूळचीच गोरी आहे! जळतात मेल्या हिच्यावर!"

तिच्याकडे कुणी बघितलं नाही. डॉक्टरीण विचारत होती, "बाटलीत काय होतं?"

"ठाऊक नाही."

"तुम्हाला ठाऊक नाही?"

"खोक्यावर लिहिलेलं असतं," दोराय म्हणाली. "मला ते वाचता येत नाही." तेवीस वर्षांत कुठल्याही बाळंतिणीपुढे ती इतकी हळू बोलली नव्हती.

दुपारी अनालूला रक्त धुण्याच्या मशीनला जोडलं. शुद्धीवर होती. दोन जाड नळ्यांतून आपलं रक्त जाताना आणि येताना बघत होती. नर्सने तिला सारं समजावलं होतं. दोराय दाराशी उभी होती, आत यावं की नाही ते न कळून. अनालूने तिला बोटाने जवळ बोलावलं.

"निनांग, हे मशीन सगळं धुऊन काढतं म्हणाली नर्स. अंगात जे जे गेलंय ते."

"हो गं."

"मग रंगही जाईल का?"

पुरिंग सकाळपासून दोरायकडे पाठ करून बसली होती. उत्तर ऐकायला तिनेही मान वळवली.