पाहुण्याची वाट

त्र्यंबकच्या स्टँडवर उतरलेल्या नवख्या भाविकांना गुरुजींच्या घरी नेऊन सोडणं, हे तिचं काम. नाशिकच्या आमच्या एचआयव्ही केंद्रात ती आली तेव्हा पोटुशी होती, आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह.

मी तिथे समुपदेशक. मी तिला समजावलं, "विषाणूला एकट्याला काही जमत नाही. पेशीतली आपलीच प्रथिनं त्याला हाताला धरून थेट केंद्रकापर्यंत नेतात. गोळ्या त्याला तिथं ठाण मांडू देत नाहीत, म्हणजे बाळापर्यंतची वाटही बंद होते."

"म्हंजी ती माझ्यासारखीच की!" पदर खोचत ती हसली. "पण मी माणूस बघून नेते."

गोळी तिनं कधीच चुकवली नाही. काल बाळाचा शेवटचा रिपोर्ट आला. निगेटिव्ह! बाळाच्या छातीवर थोपटत ती रांगेला ऐकू जाईल अशी ओरडली, "ह्या घराची वाट त्या पाव्हण्याला कुणी दावली नाय!"