मनकर्णाबाईचं चूलबंद आवतण

लेक साधना सुखरूप बाळंतीण झाली तर मारोतीरायापुढं गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे रोडगे करीन आणि अख्ख्या गावाला चूलबंद आवतण देईन, असा नवस मनकर्णाबाईनं केला होता. म्हणजे त्या दिवशी गावात एकाही घरी चूल पेटायची नाही. नातू झाला. मारोतीनं आपलं काम चोख केलं, पण तोवर मालेगावजवळच्या त्या लहानशा गावात ग्रामपंचायतीची निवडणूक होऊन गेली होती.

जगदेव सरपंच झाला, रतनसिंग पडला. तेव्हापासून खालच्या आळीचा माणूस वरच्या आळीच्या टपरीवर पानसुद्धा खाईना. मनकर्णाबाई आवतण घेऊन निघाली, तर दोन्हीकडून एकच उत्तर आलं, त्यांच्या पंगतीला आम्ही बसत नाही. बाईच्या जिवाला घोर लागला. अर्ध्या गावात चूल पेटली तर नवस फिटायचा कसा?

पुढाऱ्याला समजवायला गेलं की तो भाषण करतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं जगदेवला एवढंच सांगितलं, की वाढायला माणसं कमी आहेत, रतनसिंगला विचारायला चालले.

"काहून? तो वाढीन अन् मी काय घरी बसून पाहू?" जगदेव म्हणाला.

रतनसिंगच्या ओसरीवरही हेच झालं.

नवसाच्या दिवशी मारोतीच्या देवळापुढं दोघं कमरेला दुपट्टा बांधून हजर. नेतेच वाढताहेत म्हटल्यावर दोन्ही आळ्या जेवायला आल्या. जगदेवनं वरणाची एक पळी वाढली की रतनसिंग वांग्याच्या भाजीच्या दोन वाढायचा. लोक पत्रावळीवर हात आडवे धरत होते; मतं मागतानाही इतका आग्रह झाला नव्हता.

वाढपी जेवतात शेवटी. सगळे उठून गेले आणि दोघांना शेजारी शेजारी मांडलेल्या दोन पत्रावळी दिसल्या.

"काकू, मी घरीच खातो दोन पोळ्या," जगदेव म्हणाला.

"खाय ना बापा. चूल काहून पेटली, ते मारोतीले सांगून जाय. हा काय, इथंच बसला हाय तो."

जगदेव बसला. रतनसिंगनं रोडगा फोडता फोडता नळयोजनेचं काय झालं म्हणून टोमणा मारला. जगदेवनं रतनसिंगच्या मागच्या पाच वर्षांच्या सरपंचकीचा हिशेब काढला. आवाज चढले, पण पत्रावळीवरून कोणी उठलं नाही. मनकर्णाबाईनं दोघांच्या रोडग्यांवर सढळ तूप ओतलं, देवाला हात जोडले आणि सकाळपासूनचा उपास सोडायला त्यांच्यासमोरच बसली.