मीना सलमानचा वेगळा नळ

बहारीनला उतरल्यापासून दिलीप भावजी मला 'इथे सगळं कसं व्यवस्थित' हेच ऐकवत होते. माहूजमधल्या त्यांच्या घरी सामान टाकलं, मच्बूस (मसालेदार भात) पोटभर जेवले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही अन्वरभाईंबरोबर मीना सलमान बंदराकडे निघालो. अन्वरभाई मूळचे रत्नागिरीचे, आता सत्तरीतले. संध्याकाळी भावजींच्या मराठी मंडळात ते आपल्या वडिलांविषयी बोलणार होते.

ब्रिटिश अमलात वडील इथल्याच गोऱ्यांच्या एका वर्कशॉपात फिटर होते. शेड अजून उभी आहे. मी उत्साहाने फाटकाला हात लावला आणि चटका बसून किंचाळलेच.

"ताई, दुपारचं इथं लोखंडाला हात लावायचा नाय," अन्वरभाई हसले. मग त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. "तिथं साहेबलोकांचा नळ. बर्फाचं पाणी. आपल्या लोकांना टाकीचं, तापलेलं."

"त्या काळी सगळेच तसे होते हो," भावजी म्हणाले. "आपल्या लोकांनाही ते मान्यच होतं. संध्याकाळी एवढं गाळा. उगाच कडवटपणा नको."

माझं डोकंच फिरलं. अपमान झाला यांच्या बापाचा, आणि तो गाळायला कुणी सांगावं? आमच्या भावजींनी!

"मान्य होतं?" अन्वरभाईंचा आवाज चढला. "अब्बांनी ते टाकीचं पाणी नाकारलं. बुसैतीन गावच्या अरब फिटरांबरोबर स्वतःचा रांजण ठेवला. एक गोरा फोरमन रोज येऊन त्यांच्याच मगानं पाणी प्यायचा. बाकीच्या साहेबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. आणि नळावर पहारा कोणाचा? आपल्याच हेडक्लार्कचा! सगळे म्हणजे कोण, दिलीपभाई?"

तरी संध्याकाळी मंडळात भावजी माइकवर येऊन म्हणालेच, "आपल्या वाडवडिलांनी सगळं हसतमुखाने सोसलं."

अन्वरभाई उठले. "माझे अब्बा हसत नव्हते," त्यांनी सुरुवातच तिथून केली. मग रांजण सांगितला, फोरमन सांगितला, हेडक्लार्कही सोडला नाही. भावजी खालून घड्याळ दाखवत होते.

"यल्ला, चला, बसतो," अन्वरभाई म्हणाले, "पण पुरं सांगून."

पुण्याला परतले तरी माझा राग उतरलेला नाही. 'त्या काळी सगळेच तसे होते' म्हटलं की नळ राखणारा अलगद सुटतो. आणि रांजणापाशी येऊन पाणी पिणाऱ्या फोरमनला आपण खुशाल त्याच्याच रांगेत उभं करतो.