सर सजावट शिकले तेव्हा

आमच्या सरांइतका सजावटीचा तिटकारा असलेला माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा नसेल. राइस मिलवाल्यांसाठी ते प्रोग्राम लिहीत. हिशेब कधी चुकत नसे, पण स्क्रीन म्हणजे पांढऱ्यावर काळं, आणि बटणं पडतील तिथे. एका मिलमालकाने विनवलं, "सर, थोडा कलर तो डालो." सर म्हणाले, "धान भरडून राहिलं ना? मग मशीनले टिकली कायले लावता?" पानाची मांडणी, रंग, म्हणजे सीएसएस, हे त्यांच्या मते प्रोग्रामरचं कामच नव्हे. शेवटी तेवढं काम करायला त्यांनी मला ठेवलं. ऑफिसात आम्ही दोघंच. मी कॉन्व्हेंट शाळेत शिकलेली, कमी बोलणारी. ते माझ्या वाटचंही बोलत. आमगावला घरी त्यांची वाट पाहणारं एक मांजरच होतं.

त्यांची मुलगी बंगळुरात नोकरीला. तिच्यासाठी त्यांनी एक वेबपान बनवलं होतं. त्यावर रोज घरचा एक फोटो: परसातली वांगी, नवा नळ, झोपलेलं मांजर. एकदा तिचा फोन आला. सर नेहमी स्पीकरवरच बोलत. "बाबा, मोबाइलवर मांजराचं शेपूटच दिसते. मी आजकाल उघडतच नाही."

सर दिवसभर ते पान मोबाइलवर उघडून पाहत राहिले. संध्याकाळी त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "मॅडम, शिकवा."

"मीच करून देते ना, सर."

"नको. मिलवाल्याचं तुम्ही करा. प्रोग्रामरले हे आलंच पाहिजे, असं मी आजही म्हणत नाही. पण हे माह्या घरचं पान आहे."

मग कित्येक दिवस ते सीएसएसशी भांडत होते. फोटो मधोमध आणायला जावं, तर तो कडेला पळे आणि मजकूर त्याच्यावर चढून बसे. "काऊन बे, तिकडं कुठं चालला?" असं ते स्क्रीनला दरडावत. अखेर जमलं. मागचा फिकट हिरवा रंगही त्यांनीच निवडला, दोन दिवस विचार करून.

मुलीचा फोन आला. "बाबा, किती छान दिसून राहिलं! कोणाकडून करून घेतलं?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "आमच्या मॅडमनं केलं."

"त्यांना थँक्यू सांगा. मीटिंग आहे, ठेवते."

मी तोंड उघडेपर्यंत फोन बंद झाला होता. "सर, असं का सांगितलंत?"

"मी केलं म्हटलं असतं, तर तिनं विचारलं असतं, बाबा, इतका रिकामा वेळ कुठून आला तुमच्याजवळ? मग पोट्टी काळजी करत बसते."

निघायची वेळ झाली होती. मी पर्स खाली ठेवली आणि फोटोला सावली कशी द्यायची, ते त्यांना दाखवायला बसले.