रंगाऱ्याने अडवलेले तागे

धुळ्याला असताना रोज एका रंगाऱ्याच्या दुकानावरून जाणं व्हायचं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. एका व्यापाऱ्याने त्याच्याकडून कापडाचे तागे लाल रंगवून घेतले आणि मजुरीसाठी वर्षभर त्याला झुलवलं. मजुरी मिळेपर्यंत माल अडवून ठेवायचा हक्क कायद्यानेच रंगाऱ्याला दिलाय. हा माणूस तो एकट्याने बजावत बसला होता. दुपारी एकेक तागा उलगडायचा, झटकायचा आणि घडी दुसऱ्या जागी घालायचा. घडी एकाच जागी राहिली की तिथला रंग उडतो. त्याच्याशी बोलायला दुसरं कुणी यायचं नाही.

एकदा मी चिडून म्हणालो, "आबा, विकून मोकळे व्हा की!"

"इकाना हक्क नही, भाऊ. राखाना शे." तो हसला. "कापड त्यानं शे, रंग मना शे."

अशा सभ्यपणावरच हे व्यापारी पोसले जातात! त्याच दिवशी मी त्याच्या वतीने व्यापाऱ्याला खरमरीत पत्र लिहिलं: मजुरी द्या आणि माल न्या, नाहीतर कोर्टात भेटू. आठवड्याभरात पैसे आले आणि टेम्पो भरून तागे गेले.

मी पेढे घेऊन पोचलो. तो रिकाम्या फळ्यांसमोर बसला होता.

"जिंकलात, आबा!"

त्याने पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. त्याने विचारलं, "त्या लोके घड्या बदलतीन ना, भाऊ?"