पावायचं चर्च आम्ही शेवटी ठेवलं

मी भूल देणारी डॉक्टर होते. अमेरिकेत कोलंबसच्या एका हॉस्पिटलात सत्तावीस वर्षं लोकांना काहीही जाणवू नये याची व्यवस्था पाहिली आणि मग रिटायर झाले. लूस त्याच ऑपरेशन थिएटरमधली मुख्य नर्स. मी नागपूरची, ती उत्तर फिलिपिन्समधल्या इलोकोस प्रांतातली. आता आम्ही दोघी कोलंबसजवळच्या डब्लिन गावात एकमेकींपासून चार मिनिटांच्या ड्राइव्हवर राहतो. तिला मूलबाळ नाही, नवरा दहा वर्षांपूर्वी गेला. दर बुधवारी आम्ही नदीकाठी चालायला जातो. मागच्या ऑक्टोबरात चालता चालता ती म्हणाली, "डॉक, मला आमच्याकडची जुनी चर्चेस बघायची आहेत. दिसतंय तोवर."

लूसच्या डोळ्यांचा पडदा मधोमध निकामी होत चाललाय. कडेकडेचं दिसतं, मधलं गेलंय. समोरच्या माणसाचा चेहरा तिला दिसत नाही, त्याच्या कानामागची भिंत मात्र स्वच्छ दिसते. म्हणून बोलताना ती तुमच्या खांद्यापलीकडे बघते. नव्या माणसाला वाटतं, तिला कंटाळा आलाय.

"मग मी येऊन काय करू?" मी विचारलं.

"तू बघायचंस आणि मला सांगायचंस."

रेडमंडला असलेल्या माझ्या मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, चर्च टूर? सिन्स व्हेन?"

"बुधवारपासून," मी म्हटलं.

जायचा विचार असलेल्यांसाठी थोडं कामाचं. अमेरिकन पासपोर्टवर कमी दिवसांच्या मुक्कामासाठी व्हिसा लागत नाही, पण परतीचं तिकीट दाखवावं लागतं आणि निघण्याआधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. आम्ही जानेवारीत गेलो. तेव्हा तिथे पाऊस नसतो आणि ऊन सोसण्यासारखं असतं. कोलंबस ते सॅन फ्रान्सिस्को, तिथून मनिला, मनिलाहून तासाभराच्या छोट्या विमानानं लावाग. मनिलाहून बसही आहे. ती दहा-बारा तास घेते आणि बरीच स्वस्त पडते. ज्यांची कंबर अजून शाबूत आहे त्यांनी जरूर विचार करावा.

लावागला आम्ही चार दिवसांसाठी व्हॅन आणि ड्रायव्हर ठरवला. दिवसाला साधारण ऐंशी डॉलर, पेट्रोल वेगळं. ड्रायव्हरचं नाव एर्नी, वय साठीच्या आसपास. त्याला 'मानोंग एर्नी' म्हणायचं. मानोंग म्हणजे दादा. वडीलधारी बाई असली तर मानांग, म्हणजे ताई. हे दोन शब्द आले की तिथे निम्मी कामं होतात.

पहिल्या दिवशी लावागचा घंटाघराचा मनोरा पाहिला. स्पॅनिश लोकांनी इथे चर्चपासून घंटाघर बरंच दूर बांधलं, कारण हा भूकंपाचा मुलूख आहे. मनोरा पडला तर चर्चवर पडू नये, हा हिशेब. मनोरा पडलेला नाही. तो खाली चाललाय. जमीन रेताड आणि बांधकाम भलतंच जड, त्यामुळे तो दर वर्षी किंचित रुततो. पूर्वी दारातून घोडेस्वार आत जायचा म्हणे. आता मला वाकावं लागलं असतं, आणि माझी उंची पाच फूट एक इंच आहे.

"सांग," लूस म्हणाली.

"मोठा आहे," मी म्हटलं. "विटांचा. जुना."

"डॉक, पेशंटची हिस्ट्री अशी लिहिली असतीस तर मी तुझी तक्रार केली असती."

मग मी नीट पाहिलं. चार मजले, वर जाताना प्रत्येक मजला थोडा अंग चोरून घेतलेला. कोपऱ्यांवर जोडखांब. भिंतीच्या भेगांतून गवत आणि एक बऱ्यापैकी मोठं झुडूप. दारापाशी दोन बायका नारळपाणी विकत होत्या, त्यातली एक पेंगत होती. हे सगळं मी सांगितलं. लूस मान एका बाजूला वळवून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "झुडूप नवीन आहे."

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला सांता मारिया. जाताना अडीच तास, रस्ता उत्तम, एका बाजूला समुद्र. हे चर्च टेकडीवर आहे, लाल विटांचं, आणि वर जायला ऐंशीहून जास्त दगडी पायऱ्या. ज्यांनी जेजुरी केली आहे त्यांना काही वाटणार नाही. मी ती चौथीत असताना केली होती, त्यामुळे वाटलं. वर पोचल्यावर कळतं की याची भिंत किल्ल्यासारखी का आहे. समुद्रावरून कोण येतंय ते इथून आधी दिसायचं. प्रार्थना आणि पहारा एकाच इमारतीत.

परत येताना विगानला जेवलो. शाकाहाऱ्यांनो, लक्ष द्या. पिनाकबेत नावाची भाजी मिळते. वांगं, कारलं, भेंडी, भोपळा, बघून डोळ्यांत पाणी येईल इतकी घरची. ती आंबवलेल्या मासळीच्या रसात शिजवलेली असते. मी "नो मीट, नो फिश" असं तीनदा सांगितलं. वेट्रेसनं तीनदा मान डोलावली आणि तीच भाजी आणली. "यात फिश आहे ना?" विचारलं तर म्हणाली, "नो मॅम, ओन्ली फिश सॉस." मी भात, अंडं आणि त्यांचं उसाचं व्हिनेगर खाल्लं. व्हिनेगर अप्रतिम होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मानोंग एर्नीनं विचारलं, "आज पावाय?"

लूस म्हणाली, "आज बाकारा."

पावायचं चर्च या प्रांतातलं सगळ्यांत प्रसिद्ध. जागतिक वारसा यादीत आहे. आमच्या हॉटेलपासून अर्ध्या तासावर. आम्ही अडीच तास लांबचं पाहून आलो होतो आणि आता तिसऱ्या दिवशी उलट दिशेला निघालो होतो. मला भूगोल फार कळत नाही, पण रक्तदाब कळतो. व्हॅनमध्ये बसल्यावर मी विचारलं, "पावायला कोण आहे?"

तिनं सीटबेल्ट लावला. मग म्हणाली, "माझी बहीण."

सत्तावीस वर्षांत तिनं बहिणीचं नाव काढलं नव्हतं. पासिंग, तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. लूस सव्विसाव्या वर्षी अमेरिकेत आली आणि पाचव्या महिन्यात आई गेली. लूसचे तिथे राहण्याचे कागद अजून पूर्ण झाले नव्हते. निघाली असती तर परत येता आलं नसतं. ती गेली नाही. पासिंगनं एकटीनं सगळं केलं आणि नंतर एक पत्र पाठवलं. त्यात होतं, येऊ नकोस. लूसनं ते वाचलं, फाडलं आणि ड्यूटीवर गेली. पुढे दोनदा मनिलाला येऊन गेली, उत्तरेला मात्र फिरकली नाही. अशी चव्वेचाळीस वर्षं झाली.

"तिला माहितीये तू आलीयेस?"

"नाही."

"जिवंत आहे का ती?"

"शनिवारी चर्चमध्ये फुलं बदलते," लूस म्हणाली. "चुलतभावाची मुलगी फेसबुकवर फोटो टाकते. मी मोठे करून बघते. तिचा चेहरा मधोमध येतो, म्हणून दिसत नाही. फुलं दिसतात."

पुढचा दिवस शनिवार होता.

बाकाराचं चर्च छान आहे. त्याच्या घंटाघराचा घुमट एका भूकंपात पडला आणि ते तसंच बोडकं उभं आहे. याहून जास्त मला आठवत नाही.

शनिवारी सकाळी नऊला पावायला पोचलो. आत जायला तिकीट नाही, दानपेटी आहे. व्हॅनमधून उतरल्यावर समोर मोठं हिरवं मैदान आणि पलीकडे ते चर्च. मी फोटो पाहिले होते, पण फोटोत त्याचं वजन येत नाही. समोरची भिंत त्रिकोणी, वरती टोकदार कळसांची रांग. मानोंग एर्नी म्हणाला, जावामधल्या देवळांसारखे आहेत. मला ते आपल्या देवळांच्या शिखरांसारखे वाटले, पण मी पाहुणी होते. दोन्ही बाजूंना भिंतीला बाहेरून टेकू देणारे प्रचंड जाड आधार. हत्ती ओळीनं भिंतीला अंग टेकून उभे असावेत तसे. भूकंप आला तर भिंत बाहेर कलू नये म्हणून. खाली पोवळ्याचा दगड, वर विटा. चुन्यात उसाचा रस, आंब्याची पानं आणि चामडं उकळून घातलं होतं म्हणे. मी म्हटलं, आमच्याकडे किल्ल्यांच्या चुन्यात गूळ घालायचे. मानोंग एर्नीनं हे शांतपणे मान्य केलं.

मी लूसला सांगायला तोंड उघडलं तर तिनं हात वर केला. ती चर्चच्या बरोबर मधोमध उभी होती. दर्शनी भिंत तिला दिसणं शक्य नव्हतं. पण दोन्ही कडांना बाहेर आलेले ते आधार नेमके तिच्या नजरेला शिल्लक असलेल्या जागेत येत होते.

"मला दिसतंय," ती म्हणाली.

मग ती एकटीच उजव्या बाजूला गेली. त्या आधारांपैकी काहींना बाहेरून पायऱ्यांसारखा उतार आहे, छप्पर दुरुस्त करायला वर जाण्यासाठी. तिनं त्या दगडावर दोन्ही तळहात ठेवले. दगड जवळून खडबडीत आहे, मध्ये शेवाळ आहे, काही ठिकाणी शिंपल्यांचे तुकडे दिसतात. मी हे काहीच सांगितलं नाही.

आत गारवा होता. बाहेर इतका बडेजाव आणि आत अगदी साधं. लांबलचक सभागृह, लाकडी बाक, चिमण्या. वेदीपाशी एक ठेंगणी म्हातारी पिवळी फुलं पितळी भांड्यात लावत होती. मी लूसचा दंड धरला.

"सांग," ती कुजबुजली.

"पांढरे केस, मागे अंबाडा. निळा झगा. पायात रबरी चपला. उजवा गुडघा दुखतो, डाव्या पायावर भार देतेय. हात स्थिर आहेत."

"चेहरा?"

"तुझाच," मी म्हटलं. "जरा जास्त वैतागलेला."

लूस मधल्या वाटेनं चालत गेली. म्हातारीनं वळून पाहिलं. हातातली फुलं तिनं खाली ठेवली नाहीत. त्या इलोकानोत, तिथल्या भाषेत, बोलल्या. मला एकही शब्द कळत नव्हता, मानोंग एर्नी माझ्या कानाशी भाषांतर करत होता, न विचारता.

पासिंग म्हणाली, "जेवलीस का?"

लूस म्हणाली, "तू येऊ नकोस म्हणालीस."

"काय?"

"पत्रात. आई गेल्यावर. येऊ नकोस."

 त्यावर पासिंगनं जे सांगितलं ते मानोंग एर्नीला मला समजावून द्यावं लागलं. इलोकानोत एक छोटासा शब्द असतो, म्हणाला. तो घातला की 'येऊ नकोस'चं 'इतक्यात येऊ नकोस' होतं. "तिनं तो शब्द लिहिला होता म्हणतेय. तुझे कागद होऊ देत, म्हणून."

"मग कधी येऊ ते का नाही लिहिलंस?" लूसचा आवाज फाटला.

"तू विचारलं नाहीस."

"मला वाटलं तुला मी नको आहे."

"मला वाटलं तुला आम्ही नको आहोत," पासिंग म्हणाली. "अमेरिका मिळाली तुला."

पत्रात तो शब्द खरंच होता का, हे आता कोणीच सांगू शकत नाही. मी बाकावर बसले. पेशंटच्या नातेवाइकांना वाईट बातमी सांगायची वेळ आली की सर्जन पुढे व्हायचा आणि लूस बाजूला पाण्याचा ग्लास घेऊन उभी राहायची. इथे ग्लास कोणाकडेच नव्हता. त्या दोघी हाताच्या अंतरावर उभ्या होत्या आणि दोघीही रडत नव्हत्या. मग पासिंगनं निम्मी फुलं लूसच्या हातात दिली आणि दुसऱ्या भांड्याकडे बोट दाखवलं. लूसला बोट दिसलं नाही. पासिंगला ते दोन क्षणांनी कळलं. तिनं लूसचं मनगट धरून तिला भांड्यापर्यंत नेलं, आणि मनगट सोडलं नाही.

दुपारी पासिंगच्या घरी जेवलो. तिनं माझ्यासाठी मासळी न घालता भोपळा शिजवला आणि मी तो तीनदा घेतला.

परत येताना मी एकटी होते. लूसनं तिकीट आधी तीन आठवडे पुढे ढकललं, मग कॅन्सल केलं. चौदा तासांच्या फ्लाइटमध्ये शेजारची सीट रिकामी होती. पाय पसरायला मिळाले.

काय उरलं ते तुम्ही विचाराल. फोटो फक्त एकोणीस, त्यातले चार व्हॅनच्या सीटचे. पण लावागच्या मनोऱ्याच्या दाराची उंची विचारा, सांता मारियाच्या विटांचा रंग विचारा, सांगता येईल. इतकं नीट मी इमारत तर सोडाच, नवऱ्याकडेही कधी पाहिलं नव्हतं. त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, बरंच झालं. बुधवारी आता तो चालायला येतो. वेग बरा आहे, बोलणं कमी.

लूस अधूनमधून फोन करते. डोळे आणखी उतरलेत. पासिंग बघून सांगते, पण सगळ्यालाच 'सुंदर' म्हणते, त्याचा उपयोग नाही अशी तक्रार आहे. मला ती ऐकून बरं वाटलं, हे कबूल करते.

मार्चमध्ये मी तिच्या कॉन्डोत जाऊन सामान भरलं. फिलिपिनो लोक मायदेशी समुद्रमार्गे मोठे खोके पाठवतात. त्यांचं वजन करत नाहीत, मावेल ते भरायचं. मी तिचे थिएटरमधले बूट, दोन स्वेटर (तिथे स्वेटर कशाला, पण तिनं सांगितले), कॉफीचे सहा डबे, तिच्या नवऱ्याचा फोटो आणि टॉवेल भरले. खोका न्यायला आलेला माणूसही तिकडचाच निघाला. पत्ता वाचून त्यानं विचारलं, "पावायला कोण आहे तुमचं?"

"मैत्रीण," मी म्हटलं. "ती घरी गेली."