अमिनाचाचीच्या तळ्यातला ताटवा

पेंडीचा तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती अमिनाचाची. तिच्या नवऱ्याचा पौडच्या बाजारात तेलाचा घाणा होता. तो वारल्यावर घाणा दिरांकडे गेला आणि चाची मुळशीच्या वाटेवर, भातखाचरांच्या खालच्या आपल्या तळ्यात रोहू-कटला मासे पाळू लागली. एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. मी मत्स्यखात्यात नवा, बॅग नवी, डोक्यात पुस्तकं. तळ्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा तिने माशांसाठी आणलेली पेंड चाखली, थुंकली आणि अख्खं पोतं बाजूला सारलं.

"खवट हाय. जे माज्या तोंडाला चालंना ते त्यांनी का खावं?"

"चाची, माशांना कसली आलीय चव!" मी म्हणालो.

"तुमाला कुनी सांगितलं? माशानं?"



त्याच वर्षीच्या हिवाळ्यात माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले. रोज सकाळी चार-दोन मासे मरून उताणे तरंगायचे. मी साहेबी थाटात फर्मान काढलं, सगळे मासे काढून पुरा, तळं सुकवा, चुना मारा. चाचीचं घर त्या तळ्यावर चालायचं. ती पदर खोचून माझ्यासमोर उभी राहिली.

"म्हैनाभर थांबा. घाण्याच्या बैलाला जखम झाली की आमी हळद भरायचो, पोटात लसून द्यायचो. ह्यांचा जीव काय येगळा हाय?"

तिने भाताच्या कोंड्यात पेंड कालवली, त्यात ठेचलेला लसूण आणि हळद घातली. कडुनिंबाचा पालाही वाटून घातला, पण मासे पाण्यात सोडलेल्या खाद्याच्या टोपलीकडे फिरकेनात. मग तिने त्यातलाच एक घास स्वतःच्या तोंडात टाकला, तोंड वेडंवाकडं केलं आणि दुसऱ्या दिवसापासून पाला निम्मा केला. महिनाभरात मरतूक थांबली. आणि मी काय म्हणावं? "थंडी ओसरली म्हणून वाचले." तसं झालंही असेल. पण ज्या तोऱ्यात मी ते म्हणालो, तो आठवला की आजही लाज वाटते.

चाची भांडली नाही. पुढचा हिवाळा यायच्या आधी तिने तळ्याच्या मधोमध बांबूच्या कामट्यांचा आडवा ताटवा ठोकून तळ्याचे दोन भाग केले, ताटव्याला बारीक जाळं लावलं. पाणी तेच, मासे तेच. अलीकडच्यांना लसूण-हळदीचा घास, पलीकडच्यांना नुसता कोंडा आणि पेंड.

"चट्टे उठले की म्हैनाभर बगू, लसनानं वाचत्यात का हवेनं."

थंडी पडली आणि चट्टे आले. अलीकडे थोडे, पलीकडे फार. पलीकडचे मासे मरू लागले तसा मीच कळवळलो.

"चाची, पटलं मला! द्या त्यांनाही लसूण."

"आज दिला तर उद्या तुमचा वरचा सायब म्हनंल, ते बी आपसूक बरं झालं असतं. म्हैना भरू द्या. धा दिस ऱ्हायल्यात."

ते दहा दिवस मी विसरणार नाही. मेलेले मासे ती स्वतः उचलायची, बांधाजवळ खड्डा करून पुरायची. डोळे पुसायची आणि पलीकडच्या टोपलीत पुन्हा नुसता कोंडाच टाकायची. माझ्याच्याने तिकडे बघवत नव्हतं. अकराव्या दिवशी सकाळी तिने गुडघाभर पाण्यात उतरून ताटवा आपल्या हातांनी उपटला आणि उरलेल्यांना लसणाचा घास दिला.

मी अहवाल लिहून तिच्या ओसरीवर मोठ्या ऐटीत वाचून दाखवला. लसूण-हळदीच्या खाद्याने मासे कसे तगले, सगळं सविस्तर. चाचीने शेवटपर्यंत ऐकलं.

"आन मेल्याल्यांचं?"

"ते कशाला, चाची? वाईट दिसतं."

तिने हात पुढे करून माझा कागद खाली केला. 

"ते माज्या हातानं मेल्यात, सायब. तुमाला पटावं म्हनून. त्यांनाच वगळलंत व्हय?"

मी तिथेच बसून अहवाल पुन्हा लिहिला. चाची शेजारी बसून राहिली, चहासाठीसुद्धा उठली नाही.

चाचीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुढे नोकरीभर मी पुष्कळ तळी पाहिली, पुष्कळ अहवाल लिहिले. दर वेळी मेलेले मासे आधी लिहिले, जगलेले नंतर.